घोड्यांची डॉक्टर होताना: ऑगस्ट २०२२ ते फेब्रुवारी २०२४

इंटर्नशिप संपली त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला होता. वर्षभरात हाताखालून गेलेल्या गाई-म्हशी मोजण्यापलीकडच्या, शेळ्यामेंढ्याही तशाच, कुत्री दोनशेच्या आसपास आणि घोडे सात. त्या सातांपैकी तिघांना मी फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. आणि मला व्हायचं होतं घोड्यांचीच डॉक्टर.

हे लिहायचं कारण म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघी-तिघींनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला: "ताई, सुरुवात कुठून करायची?" मलाही तेव्हा कुणाला तरी हे विचारायचं होतं. म्हणून जसं घडलं तसं, तारखांसकट लिहिते आहे.

आमचं गाव माण तालुक्यातलं. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं आमच्या रानात बसायला यायची. बरोबर दोन-तीन तट्टं असायची, पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर कोंबड्यांचा खुराडा आणि कधीकधी एखादं लेकरूही. मी सातवीत असताना त्यातलं एक तट्टू संध्याकाळी लोळायला लागलं. उठायचं, पोटाकडे मान वळवून बघायचं, पुन्हा धाडकन अंग टाकायचं. पहाटे ते गेलं. त्या धनगरीण माउलीनं त्याच्या गळ्यातली घंटा काढून घेतली आणि दिवसभर हातातून खाली ठेवली नाही. त्याला कॉलिक म्हणतात, आपल्या भाषेत पोटशूळ, हे मला कॉलेजच्या चौथ्या वर्षी कळलं. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. जठर तुडुंब भरलं तर शेवटी फुटतं. वर्गात हे ऐकताना मला ती घंटा आठवत होती.

कागदपत्रं

इंटर्नशिप १९ ऑगस्ट २०२२ ला संपली. बी.व्ही.एस्सी., ही पशुवैद्यकाची पदवी, म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपच्या काळात आपल्याकडे तात्पुरती नोंदणी असते, तिच्यावर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार कायम नोंदणी झाल्याशिवाय आपण स्वतःच्या सहीनं औषधोपचार करू शकत नाही. म्हणून पहिलं काम, राज्य पशुवैद्यक परिषदेकडची कायम नोंदणी.

माझं घोडं अडलं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं आणि आधारवर दुसऱ्या. चूक आमच्याच घरची, दहा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, नोटरी, झेरॉक्स आणि फोटो धरून साधारण साडेसहाशे रुपये गेले. कागद दुसऱ्यांदा पाठवले आणि ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात नोंदणी क्रमांक हातात आला. हे दोन महिने वाचवायचे असतील तर शेवटच्या वर्षालाच सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. प्रमाणपत्राच्या रंगीत झेरॉक्स काढून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाका.

याच काळात एक गोष्ट नीट समजून घेतली. अमेरिकेत घोड्यांच्या सर्जनला पदवीनंतर इंटर्नशिप, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि मग बोर्डाची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कुठे तो स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवतो. आपल्याकडे घोड्यांपुरती अशी वेगळी नोंदणी नाही. सर्जरी, मेडिसिन किंवा गायनॅकॉलॉजीत एम.व्ही.एस्सी. ही पुढची पदवी करता येते, पण घोड्यांचे डॉक्टर म्हणून जे ओळखले जातात ते कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं उभे राहून तयार झालेले असतात. वाटा तशा बऱ्याच आहेत. माझा एक वर्गमित्र लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरसाठी तयारी करत होता. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे संशोधनात जाता येतं. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं, त्या घोड्यांनाही डॉक्टर लागतात. हाफकिनचे घोडे पिंपरीत आहेत हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असतं. शिवाय रेसकोर्स आणि स्टड फार्म, म्हणजे जिथे घोड्यांची पैदास होते ती ठिकाणं. वीटभट्टीवरची गाढवं-खेचरं सांभाळणाऱ्या संस्थाही आहेत, आणि तिथलं काम कमी प्रतीचं मुळीच नाही.

मी स्टड फार्मवर जायचं ठरवलं, कारण तिथे एका हंगामात जेवढी जनावरं हाताखालून जातात तेवढी बाहेर पाच वर्षांत जात नाहीत. अकरा ठिकाणी ईमेल केले. दोघांनी उत्तर दिलं. एकानं "मुलीला रात्रपाळी जमणार नाही" असं कळवलं. ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, "१ तारखेपासून येऊ शकाल का?"

जानेवारी ते मे: स्टड फार्म

२ जानेवारी २०२३ ला बॅग घेऊन पुण्यापासून दीड तासावरच्या त्या फार्मवर पोचले. पगार पंचवीस हजार, खोली आणि मेस फार्मची. जाण्याआधी स्वतःचे पैसे घालून घेतलेल्या वस्तू: चांगला स्टेथोस्कोप सहा हजार आठशे, डोक्याला लावायचा दिवा नऊशे, गमबूट साडेचारशे. दिव्यावर कंजुषी करू नका, हात मोकळे हवेतच. रेबीजची आगाऊ इंजेक्शनं आणि धनुर्वाताचा डोस आधीच घेतलेला असावा.

जानेवारीतच का, तर थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, शिंगरांचं वय कागदोपत्री १ जानेवारीला एक वर्षानं वाढतं. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू आणि जानेवारीत जन्मलेलं शिंगरू शर्यतीत एकाच वयाचे धरले जातात, म्हणून प्रत्येक मालकाला वर्षाच्या सुरुवातीचं शिंगरू हवं असतं. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि बहुतेक घोड्या रात्री वितात. दिवसभर सोनोग्राफी आणि नोंदी, रात्री पागेत जागरण, असं साडेचार महिने चाललं.

पहिले तीन आठवडे मी कशालाही हात लावला नाही. फार्मचे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, "नुसतं बघ आणि मोज." निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. मी रोज सकाळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, द्यायच्या आधी तीस घोड्यांची नाडी मोजायचे, जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून. कंटाळा यायचा. पण महिन्याभरात असं झालं की ५२ ची नाडी बोटाला खटकायला लागली, घड्याळ बघायच्या आधीच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते सरांनी आणि पागेतल्या मामांनी. मामा बावीस वर्षं सईस आहेत, घोड्यांची निगा राखतात. घोडी कधी वेणार हे आम्ही दुधातल्या कॅल्शियमच्या पट्टीवर बघायचो आणि मामा सडांच्या टोकावर जमलेले मेणासारखे थेंब बघून, शेपटीच्या बुडाला हात लावून सांगायचे. दोघांचं बहुतेक वेळा जुळायचं. जुळलं नाही तर मी मामांच्या बाजूनं जागी राहायचे.

घोडीला कळा सुरू होऊन पाणी फुटलं की शिंगरू अर्ध्या तासाच्या आत बाहेर यायला हवं. गाईसारखी तास-दोन तास वाट बघायची सोय इथे नाही. पुढचा हिशेब सोपा असतो: शिंगरू एका तासात उभं, दोन तासांत आचळाला आणि तीन तासांत घोडीची वार (जार) पडलेली. यातलं काही चुकलं तर डॉक्टरनं झोपायचं नाही.

१७ फेब्रुवारीची रात्र. सर पलीकडच्या तबेल्यात एका घोडीपाशी होते. सव्वादोनला मामांनी हाक मारली. मी धावत गेले. एरवी प्रथम दिसते ती पांढुरकी, निळसर झाक असलेली पातळ पिशवी. इथे तिच्या जागी लालभडक, मखमलीसारखं काहीतरी बाहेर आलं होतं. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, वार वेळेआधी सुटलेली, आतल्या शिंगराचा प्राणवायू बंद पडतोय. वाचलेलं सगळं डोक्यात होतं, पण हात हलत नव्हता. किती सेकंद गेले माहीत नाही. मामांनी माझ्या तळहातावर कात्री ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, लाल आहे. कापा."

कापलं. जाड, गच्च, ओल्या घोंगडीसारखं लागलं हाताला. आत हात घातला, पुढचे दोन्ही खूर मिळाले, त्यांच्यावर नाक. कळ आली की ओढायचं, घोडीच्या मागच्या पायांच्या दिशेनं खाली. मी आणि मामा दोघं गवतावर बसून ओढत होतो. शिंगरू बाहेर आलं तेव्हा जीभ जांभळी होती आणि ते श्वास घेत नव्हतं. नाक पुसलं, टॉवेलनं छाती खसाखसा चोळली, नाकपुडीत ऑक्सिजनची नळी दिली. मामा त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मग एक उचकी आली आणि पाठोपाठ पहिला श्वास.

उभं राहायला त्याला दोन तास दहा मिनिटं लागली. चोखायचं त्याला कळतच नव्हतं, भिंतच चाटत बसायचं. चीक पोटात जायलाच हवा होता, कारण घोडीच्या वारेतून शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, जे मिळतं ते चिकातूनच, आणि आतड्याचं ते दार पहिल्या दिवसातच बंद होत जातं. सरांनी येऊन नाकातून नळी घातली आणि घोडीचा पिळून काढलेला चीक दर दोन तासांनी दिला. अठराव्या तासाला रक्त तपासलं. आयजीजी, म्हणजे चिकातून येणारं रोगप्रतिकारक द्रव्य, ८०० च्या वर हवं, ते ५००च्या घरात होतं. प्लाझ्मा द्यावा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आईच्या कासेखाली आपणहून शिरलं, शेपटी हलवत. मी भिंतीला टेकून खूप वेळ बघत उभी राहिले.

त्या रात्रीचे ते थांबलेले सेकंद मी सरांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून कात्री खिशात ठेव, कपाटात नको." तेव्हापासून विण्याच्या हंगामात माझ्या ॲप्रनच्या उजव्या खिशात बोथट टोकाची कात्री असते.

मेच्या मध्यापर्यंत ३४ विणी बघितल्या, त्यातल्या नऊ माझ्या हातच्या. दोन शिंगरं गेली. त्यांच्याबद्दलही वहीत लिहिलं आहे, जगलेल्यांपेक्षा जास्त.

जुलै ते ऑक्टोबर: शर्यतीचे घोडे

पावसाळ्यात पुण्यात शर्यतींचा हंगाम असतो. सरांच्या ओळखीनं एका डॉक्टरांबरोबर फिरायला मिळालं, बिनपगारी. लोहगावला मैत्रिणीच्या खोलीत राहिले, माझ्या वाट्याचं भाडं साडेचार हजार, पेट्रोल महिन्याला अडीच हजार. स्टड फार्मवरचे साठवलेले पैसे इथे संपले. बिनपगारी शिकायचं असेल तर चार महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढून ठेवा.

इथलं काम म्हणजे पाय. पहाटे साडेपाचला घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीनं चालवायचा आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो. ऐकायला सोपं आहे, पण पहिले पंधरा दिवस मी दर वेळी उलटा पाय सांगत होते. मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू करून बघायचे, मग डोळा बसला. पाय नक्की झाला की खालून वर एकेक नस बधिर करत दुखणं कुठे आहे ते शोधायचं आणि मगच एक्स-रे. नालबंदाशी मैत्री करा, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. खुराच्या चिमट्यानं दाबून पू कुठे आहे हे मला ज्यांनी दाखवलं ते चौथी शिकलेले आहेत आणि तीस वर्षं खूर तासत आले आहेत.

शर्यतीच्या घोड्याला दिलेलं प्रत्येक औषध तारीख-वेळेसह लिहावं लागतं, कारण शर्यतीनंतर नमुने तपासले जातात आणि साधं वेदनाशामकही सापडून चालत नाही. ती सवय मी घरी घेऊन आले.

पहिली एकटीनं हाताळलेली कॉलिक

नोव्हेंबर २०२३ मध्ये गावाकडे परतले आणि प्रॅक्टिस सुरू केली. पोट भरायला गाई-म्हशी होत्याच, आणि आसपासच्या पाच-सहा तालुक्यांत जिथे घोडा असेल तिथे माझा नंबर दिला. लग्नाच्या वरातीच्या घोड्या, बैलगाडा शर्यतीत पळणारे घोडे, धनगरांची तट्टं.

११ फेब्रुवारी २०२४. रात्री पावणेदहाला फोन. "डॉक्टर ताई, घोडी लोळतीय." अडतीस किलोमीटर. निघण्याआधी फोनवरच सांगितलं: चारा-चंदी काढून घ्या, घोडी लोळत असेल तर हळू चालवा, पण पळवू नका, आणि तोंडातून-नाकातून तेल अजिबात ओतू नका. गावठी उपाय म्हणून तेल ओततात, ते फुप्फुसात जातं आणि पोटशूळ बरा झाला तरी घोडी न्यूमोनियानं जाते.

पोचले तर नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी, लग्नाच्या दोन वराती करून आठ दिवस खुंट्याला बांधलेली. थंडीत पाणी कमी प्यालेली, वर कोरडा कडबा. मालकांच्या आई ओट्यावरून म्हणाल्या, "घोडा का अडला, भाकरी का करपली, पानं का सडली? न फिरवल्यानं. मी ह्याला रोज सांगतीय." माझी आजीही हेच कोडं घालायची. निदान अर्धं तिथेच झालं होतं.

नाडी ५६. हिरड्या गुलाबी, दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत. पोटाला चार ठिकाणी स्टेथोस्कोप लावला, डावीकडे खाली अगदी शांतता. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग नाकातून नळी. नळी नेहमी नाकपुडीच्या खालच्या बाजूनं सरकवायची, वर गेली तर रक्त येतं. गिळताना पुढे ढकलायची आणि मानेच्या डाव्या बाजूला ती खाली जाताना दिसतेय का ते बघायचं. जठरातून उलटं पाणी आलं नाही, तेव्हा जरा धीर आला. मग आतडं सैल पडायचं इंजेक्शन देऊन, लांब हातमोजा घालून, भरपूर वंगण लावून गुदमार्गानं तपासणी. इथे हात ढिला ठेवायचा आणि घोडी कळ देते तेव्हा मागे घ्यायचा. आतडं फाटलं तर घोडी वाचत नाही. डाव्या बाजूला, मोठं आतडं जिथे वळण घेऊन अरुंद होतं तिथे, मळलेल्या कणकेसारखा घट्ट गोळा हाताला लागला. बोट दाबलं तर खळगा राहत होता.

बाहेर येऊन आधी सरांना फोन केला. आकडे सांगितले. ते म्हणाले, नाडी साठच्या वर गेली, नळीतून पाणी उलटं आलं किंवा वेदनाशामकानंतरही तासाभरात लोळायला लागली तर पुण्याला हलव, थांबू नकोस. घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया होते अशी ठिकाणं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि गाडी मिळायलाच दोन तास लागतात. म्हणून मालकांना तेव्हाच टेम्पो सांगून ठेवायला लावला, खर्चाचा अंदाजही तेव्हाच दिला. मध्यरात्री निर्णय घ्यायची वेळ आली तर माणसाला पैशाचा धक्का आणि जनावराचा धक्का एकदम नको बसायला.

नळीतून सहा लिटर कोमट पाणी, त्यात मॅग्नेशियम सल्फेट. शिरेतून वेदनाशामक. मग वाट बघणं. दर अर्ध्या तासानं नाडी: ५६, ५२, ५२, ४८. दोन वाजता पुन्हा नळी, पुन्हा पाणी. मालकांनी शेकोटी केली. त्यांची मुलगी, नववीतली, माझ्याबरोबर जागी राहिली आणि वहीत आकडे लिहीत गेली. मी तिला जबड्याखाली बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. चारच्या नाडीचा आकडा तिचा आहे: ४४. मी मोजून बघितला, बरोबर होता.

घोडी फुरफुरली, पाण्याच्या बादलीत तोंड घालून तिनं दोन घोट घेतले. नंतर डावीकडून पोट गुरगुरल्याचा आवाज आला, इतका मोठा की स्टेथोस्कोप लावायची गरजच पडली नाही.

माझी फी पंधराशे आणि औषधं अकराशे. सकाळपर्यंत चारा नाही, नंतर मूठ-मूठ ओला चारा दर तीन तासांनी, चंदी चार दिवस बंद, पिण्याचं पाणी कोमट करून, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवायचं, हे सगळं त्या मुलीकडूनच वहीत लिहून घेतलं. पान फाडून तिनं ते पागेच्या दाराला खिळ्यानं लावलं. माझ्या वहीतली त्या रात्रीची शेवटची नोंदही तिच्याच अक्षरात आहे: "५.२० वाजता लीद. सात गोळे. वरून कोरडी, आतून ओली."